रानडुक्कर चालतं, मग गावडुक्कर का नाही?

शेंगदाणा_चटणी

गेल्या रविवारी आमच्याकडे छोटं महाभारत झालं. आतेभाऊ मडगावहून आला, येताना चोरीस (गोव्याची डुकराच्या मांसाची सॉसेजं) घेऊन आला. त्यानेच भरपूर कांदा घालून तव्यावर परतलं, पावात भरलं आणि सगळ्यांपुढे ठेवलं. मोठे काका (वय ८४, सातारा जिल्हा, अजून स्वतःची दाढी स्वतः करतात) मिटक्या मारत अर्धा पाव संपवून म्हणाले, "मटण कशाचं रे?" उत्तर ऐकलं, उठले, मोरीत जाऊन खळखळून चूळ भरली आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

गंमत अशी, की याच काकांच्या गावच्या घरात सोप्यातल्या भिंतीवर रानडुकराचे दोन सुळे टांगलेत. त्या शिकारीची गोष्ट आम्ही भावंडांनी इतक्यांदा ऐकलीय की काका मध्येच विसरले तर आम्ही पुढचं सांगतो. केवढं धूड होतं, कुत्रं कसं फाडलं, रश्श्यावर बोटभर तवंग कसा आला. हे सगळं साठच्या दशकातलं, शिकारबंदीच्या आधीचं. संध्याकाळी हिंमत करून विचारलं, तर म्हणाले, "ते रानातलं. हे गावातलं." विषय संपला.

माझा संपला नाही. शोधलं तर दोन्ही एकच प्राणी निघाला, सुस स्क्रोफा. आजच्या तुर्कस्तानात आणि चीनमध्ये, अशा दोन ठिकाणी माणसाने तो स्वतंत्रपणे माणसाळवला, तोही सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी. रानातल्या आणि गावातल्या डुकरांचा आजही संकर होतो आणि त्या पिल्लांना पुढे पिल्लं होतात. मग एकाची 'शिकार' आणि दुसऱ्याची 'शी', असं का?

घाटावरचा

एवढं डोकं कशाला खाजवायचं? रानडुक्कर कंदमुळं खातं, मका खातं, आमचा हरभरा खातं. गावडुक्कर काय खातं ते सांगायला लावू नका, जेवायला बसलोय.

निशा_क

@घाटावरचा, रानडुक्कर म्हणजे फलाहारी साधू नव्हे हो. गांडुळं, हुमणी, बेडूक, साप, जमिनीवर घालणाऱ्या पक्ष्यांची अंडी, काही सोडत नाही. मेलेलं जनावर दिसलं तर तेही खातं, वाघाने अर्धवट सोडलेल्या शिकारीवर ताव मारतं. उलट फार्मातलं पांढरं डुक्कर जन्मभर मका आणि सोयापेंडीवर असतं. शुद्धतेच्या हिशेबाने तुम्ही फार्मवालंच खायला हवं.

आणि चिखलाबद्दल. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. उन्हात अंग थंड करायला त्याच्याकडे चिखल हाच उपाय. नुसतं पाणी पटकन सुकतं, चिखल अंगावर टिकतो, शिवाय गोचिड्या त्यात अडकून खरवडल्या जातात. रानात लोळणीच्या जागेजवळची झाडं पाहा, बुंध्याला कमरेइतका चिखल घासलेला असतो. पुरेशी जागा दिली तर डुक्कर झोपायची आणि घाण करायची जागा वेगळी ठेवतं. हे गाय-म्हैसही करत नाही.

चहाटळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बाकी धाग्याचं नाव वाचून वाटलं राजकारणावर असेल.

तात्या_वाडीकर

बाबांनू, तुमचा खाण्यावरून चललासा, हयसर डुकरांनी आमकाच खाऊन टाकल्यानी.

(बाकीच्यांसाठी पुढचं शुद्धात लिहितो.) आमची वाडी सिंधुदुर्गात. माझ्या लहानपणी नाचणी, वरी, भुईमूग, रताळी, सगळं व्हायचं. भात पोटरीत आलं की डुकरं येतात. दोन-चार पोरं माळ्यावर रात्रभर राखणीला बसायची, पत्र्याचे डबे वाजवायची, एकमेकांना कुकारे घालायची. आता माळ्यावर बसायला कोण आहे? पोरं मुंबईत. माझे वय ६७ आणि गुडघे ९०.

डुक्कर खातं कमी, लोळवतं जास्त. एका रात्रीत कळप शिरला तर सकाळी शेतात कोणी चटई अंथरून उचलल्यासारखं दिसतं. नारळाचं रोप लावलं तर मुळाशी उकरून आतला कोंब खातं, रोप आडवं. सुरण तर त्यांच्यासाठीच लावतो म्हणा. उपाय सगळे करून झाले. बायकोच्या जुन्या साड्या कुंपणाला बांधल्या, न्हाव्याकडून केस आणून टाकले, एक दिवस घाबरली, चौथ्या दिवशी साड्या फाडून आत. सध्या झटका मशीन आहे, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका देणारं. ते बरं चालतं, पण पावसात वेल चढले की तारेचा दम जातो. रोज काठीने वेल काढत फिरायचं.

भरपाई मिळत नाही असं नाही. पण अर्जाला सातबारा लागतो आणि आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, त्यातली पाच वारली, दोन कॅनडात. पंचनामा करायला आलेला पोरगा भला होता. म्हणाला, काका, भरपाईपेक्षा जास्त तुमच्या झेरॉक्सला जातील.

घाटावरचा

तात्या, मग उडवा ना सरळ. आमच्या इकडे उसात...

संपादक

कृपया: शिकारीचे ताजे किस्से, पद्धती, 'कुठे मिळेल' वगैरे लिहू नये. वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि रानडुक्कर त्यात आहे. काकांच्या साठच्या दशकातल्या गोष्टीला हरकत नाही.

निशा_क

कायद्याचं थोडं. संरक्षित प्राण्यांच्या याद्या, म्हणजे अनुसूच्या, त्या कायद्यात आहेत. रानडुक्कर पूर्वी अनुसूची ३ मध्ये होतं. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूच्याच नव्याने मांडल्या गेल्या, तेव्हा ते अनुसूची २ मध्ये गेलं. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या भागापुरतं आणि मुदतीपुरतं जनावर उपद्रवी जाहीर करू शकतं. २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुकराबाबत हे झालं होतं. केरळही तशी परवानगी मागत आलंय. महाराष्ट्रात पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराबद्दल वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मागता येते. आपल्या मनाने उडवता येत नाही.

पण तात्या, तुम्ही स्वतःच कारण लिहिलंत. कसणारे गेले, जमिनी ओसाड पडल्या, घराच्या पायरीपर्यंत झुडपं आली. डुकराला यापेक्षा काय हवं? दिवसा लपायला गचपण, रात्री खायला शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याचं शेत. पूर्वी शंभर एकर लागवडीत नुकसान वाटलं जायचं. आता दोन एकर उरलेत आणि सगळ्या परिसराचं डुक्कर त्याच दोन एकरांत येतं. घाटावर तेच काम ऊस करतो. वर्षभर उभं, दाट, पाणी असलेलं रान.

त्यात यांची वीण दांडगी. गाभणकाळ साधारण ११४ दिवस, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा पाठ करायला सोपा. रानडुकरीण एका वेळी चार-सहा पिल्लं देते. पिल्लांच्या अंगावर पिवळट-तपकिरी पट्टे असतात, चार-पाच महिन्यांत जातात. कळप म्हणजे माद्या आणि पिल्लं, मोठा नर बहुधा एकटा हिंडतो. पाळीव पांढरी डुकरीण एका वेताला दहा-बारा सहज देते.

तात्या_वाडीकर

म्हणजे चूक आमच्या मुंबईकरांची. हे बरोबर. गणपतीत येतील तेव्हा हा धागा दाखवतो.

दगडफोड्या

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. नावावरून ओळखलं असेल, वडार आहे. वडील दगड फोडायचे, आई डुकरं सांभाळायची. काळी, केसाळ, अंगाने लहान. आमच्या घरात डुक्कर म्हणजे बँक होती. दगडाचं काम पावसाळ्यात बंद, तेव्हा एखादं विकायचं. माझी दहावीची फी एका तांबूस डुकरिणीने भरलीय, मोठ्या बहिणीचं लग्न तिच्या पिल्लांनी केलं.

वर एकांनी लिहिलं, गावडुक्कर काय खातं ते सांगायला लावू नका. मी सांगतो. गाव पहाटे टमरेल घेऊन ओढ्याला जायचं आणि मागून आमची डुकरं जायची. जे खायची ते आमच्या घरचं नव्हतं. सगळ्या गावाचं होतं, त्यात पाटलाच्या वाड्याचंही. गाव साफ राहायचं, त्याची कोणी मजुरी दिली नाही. नाव मात्र डुकराला आणि डुकरवाल्याला. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. मुलं नाकाने 'हुं हुं' करायची. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखे करायचे.

आणखी एक. दिवसा नाक मुरडणारी माणसं अंधार पडला की आमच्या दाराशी यायची. कोणाचा गुडघा धरला, कोणाची पाठ, तर डुकराची चरबी हवी. आई बाटलीत भरून द्यायची. पैसे खाली ठेवायचे, बाटली खालून उचलायची. हातात हात लागू नये म्हणून. चरबी चोळायला चालायची.

केसही विकले जायचे. पाठीवरचे राठ केस वेगळे बांधायचे, व्यापारी वजनावर न्यायचा, ब्रशासाठी. तैलरंगाने चित्रं काढणारे अजून तो ब्रश वापरतात. टोकाला केस दुभंगलेला असतो म्हणून रंग चांगला धरतो, असं मला एका आर्ट टीचरने सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा कोणी आमच्या डुकराबद्दल चांगलं बोललं.

शेंगदाणा_चटणी

दगडफोड्या, यावर काय लिहू कळत नाही. मी प्रश्न विचारताना 'अन्न' म्हणून विचारला होता.

घाटावरचा

दादा, माझं वाक्य चुकलं. जेवायला बसलोय वगैरे. मागे घेतो.

डॉ_खोकला

विषय निघालाच आहे तर वैद्यकीय बाजू. बहुतेक लोक ती उलटी समजून बसलेत.

डुकराच्या मांसातून पट्टकृमी (टेपवर्म) होतो हे खरं. मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी असतात. असं मांस कच्चं राहिलं तर माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो. पण मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात, तो आजार मांस खाऊन होत नाही. कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती डुकराच्या पोटात गेली तर डुकराच्या मांसात गाठी. तीच अंडी भाजीला, पाण्याला, हाताला लागून माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या स्नायूंत आणि मेंदूत गाठी. म्हणून माझ्याकडे फिट्स घेऊन येणाऱ्यांत जन्मात अंडंही न खाल्लेले लोक असतात. आई-वडील हमखास म्हणतात, "डॉक्टर, आम्ही माळकरी हो!" त्यांना समजावता समजावता ओपीडीची वेळ संपते.

कोबीत अळी असते आणि ती मेंदूत चढते, हा फॉरवर्ड याच गोष्टीचा मोडका अवतार. कोबीतली हिरवी अळी निरुपद्रवी असते. कोबीला लागलेलं मैलापाणी धोक्याचं. हे चक्र तोडायचं तर संडास वापरणं, हात धुणं, भाज्या नीट धुणं आणि मांस आतपर्यंत शिजवणं. डुक्कर या साखळीत आपल्यामुळे येतं.

मेंदूज्वराचा एक प्रकार (जपानी) आहे, त्यात डुक्कर खरंच महत्त्वाचं. विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत वाढतो, क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतो. भातखाचरं, बगळे, डुकरं आणि घरं जवळजवळ असली की धोका. आफ्रिकन स्वाइन फीवरचं नाव ऐकून मात्र घाबरू नका, तो माणसाला होत नाही. डुकरांना होतो आणि कळपच्या कळप संपवतो. भारतात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलातून सुरुवात झाली.

वसईचा_पाव

डॉक्टर, आमच्याकडे मांस कच्चं राहायचा प्रश्नच नाही. इंदाल, म्हणजे आमचं विंदालू, दोन दिवस आधी करायचं, रोज एकदा गरम करायचं, नाताळच्या दिवशी खायचं. व्हिनेगर मुरल्याशिवाय ते इंदालच नव्हे.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. घरात मराठीच बोलतो, आणि डुकराचं मांस आमच्याकडे सणाचं मांस आहे हे सांगितलं की पुण्याच्या मित्रांच्या भुवया वर जातात. लग्नात, नाताळात सोरपोतेल आणि सोबत फुगे. फुगे म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, आतून पोकळ. सोरपोतेलात काळीज, हृदय, मांस, सगळं आधी उकडून, मग अगदी बारीक चिरून, तळून, मग मसाल्यात. चिरायलाच चार बायकांची दुपार जाते. निम्म्या गावाची खबर त्या दुपारी कळते. मसाला अर्थात बाटलीतला. उन्हाळ्यात कांडून बिअरच्या रंगीत बाटल्यांत ठासून भरतात म्हणून बाटली मसाला.

हॉटेलवाल्यांना एक विनंती. विंदालूत बटाटा घालू नका. पोर्तुगीज 'विन्यो' म्हणजे वाइन आणि 'आल्यो' म्हणजे लसूण, त्यावरून ते नाव आलंय. आलूचा काही संबंध नाही.

गोंयचो_मोग

आमगेर चोरीस घरी करायचे आता कमी झालेत, पण आजी करायची. मांस-चरबीचे तुकडे मीठ लावून, मग मिरची, लसूण, मसाला आणि माडाचं व्हिनेगर. आतडी धुवून त्यात भरायचे, दोऱ्याने गाठी मारायच्या, उन्हात आणि मग चुलीवर धुरात. माळ अशी दिसते की त्याला रोजारीचे (जपमाळेचे) चोरीस म्हणतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की हीच माळ घर चालवायची, चार मणी काढायचे आणि पुलाव.

काकांना सोलांतुलें द्या. व्हिनेगर नाही, मसाल्याचा भडिमार नाही, आमसुलं घालून केलेलं. कोणाला कळायचं नाही. (कळल्यावर मी जबाबदार नाही.)

जुन्या गोव्यात संडासाच्या मागे डुक्कर असायचं, त्यावर बाहेरचे फार हसतात. वर दगडफोड्याभावाने लिहिलंय तेच, फक्त आमच्यात ते प्रत्येकाच्या परसात होतं म्हणून कोणाला वेगळं काढता आलं नाही. आता ते संडास गेले. गोव्याच्या गावठी काळ्या डुकराची 'अगोंदा गोवन' नावाने स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद आहे, ऐकून बरं वाटलं.

निवृत्त_कॅशियर

माझी तीन वर्षं दिमापूरला पोस्टिंग होती. गेलो तेव्हा अंडंसुद्धा घरात चोरून खाणारा होतो. तिकडे शाखेतल्या शिपायाच्या घरी लग्नाला गेलो, तर पाहुण्यांत कौतुक कशाचं, डुकरं किती मोठी आणली याचं. चुलीवर टांगून धुरावलेलं मांस, त्यात बांबूचे कोवळे कोंब किंवा अखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. अखुनीचा वास पहिल्या दिवशी सहन झाला नाही. तिसऱ्या महिन्यात मी बाजारात ती पानात बांधलेली पुडी स्वतः निवडून घेत होतो. शिलाँगला जादोह खाल्लं, भात आणि डुकराचं मांस एकत्र शिजवलेलं. आपल्या बिर्याणीचा साधासुधा चुलतभाऊ.

२०१९ च्या पशुगणनेत देशात डुकरं ९० लाखांच्या आसपास होती, त्यातली २१ लाख एकट्या आसामात. डुक्कर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्रही गुवाहाटीजवळ राणी इथे आहे. तिकडे मुलगा डुक्करपालनाचं कर्ज मागायला येतो तेव्हा मान वर करून येतो. इथे सातारा-सोलापुरात असताना असं कर्ज मागणारा मला नोकरीभरात एकच भेटला, आणि अर्जावर त्याने 'पशुपालन' एवढंच लिहिलं होतं.

बर्लिनचा_बंड्या

इकडे रानडुकरं शहरात फिरतात. २०२० मध्ये बर्लिनच्या एका तळ्याकाठी डुकरिणीने आंघोळीला आलेल्या माणसाची पिशवी पळवली, आत लॅपटॉप. तो बिचारा जन्मजात वेषात मागे धावतानाचे फोटो जगभर गेले. लॅपटॉप परत मिळाला म्हणे.

खाण्याबाबत: दक्षिण जर्मनीत, बव्हेरियात, रानडुकराचं मांस विकण्याआधी किरणोत्सर्ग मोजतात. किलोमागे ६०० बेकरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) वर असेल तर विकता येत नाही. चेर्नोबिलचा अणुभट्टीचा अपघात १९८६ चा, हरणांत त्यातलं किरणोत्सर्गी सीझियम केव्हाच उतरलं, डुकरात उतरेना. कारण डुक्कर जमिनीखालची एक प्रकारची कवकं उकरून खातं आणि सीझियम हळूहळू झिरपत तिथपर्यंत आत्ता पोचतंय. त्यात साठच्या दशकातल्या अणुचाचण्यांचाही वाटा आहे, असं २०२३ मध्ये दाखवलं गेलं. 'रानातलं म्हणजे शुद्ध' म्हणणाऱ्यांसाठी सप्रेम.

हरिदास_नागपूर

वराह अवतार कोणालाच आठवला नाही? रामटेकला वाकाटक काळातला वराह आहे, माणसाच्या धडावर डुकराचं तोंड असला नाही, चार पायांवर उभं अख्खं जनावर. लोक हार घालतात. बदामीच्या चालुक्यांच्या राजमुद्रेवर वराह, विजयनगरच्या सोन्याच्या नाण्याला नाव वराह. तोच प्राणी गल्लीत दिसला की दगड.

चहाटळ

पॉपकॉर्न संपलं. धागा भलतीकडे गेला आणि बरं झालं.

शेंगदाणा_चटणी

अपडेट देते. शनिवारी गावी गेले होते. दगडफोड्या यांचा आणि तात्यांचा प्रतिसाद काकांना मोठ्याने वाचून दाखवला. काका बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग सुळ्यांकडे बघून म्हणाले, "ते मी एकट्यानं नाही मारलं." म्हणजे साठ वर्षं ऐकलेल्या गोष्टीत नसलेला भाग आता आला. हाका घालायला वडारवाडीतली माणसं होती. माग त्यांनी काढला, ओढ्यातून उठवलं त्यांनी, कुत्रंही त्यांचंच फाडलं गेलं. काका वर खडकावर बंदूक घेऊन बसले होते. वाटे पडले तेव्हा मांड्या वाड्यावर, आणि मुंडी आणि आतडी हाकेवाल्यांना.

मी विचारलं, कुत्र्याचे पैसे दिले का? म्हणाले, आठवत नाही. मग म्हणाले, "नसतील दिले."

चोरीस अजून खाल्लेलं नाही. फ्रीजमध्ये आहे ते मात्र त्यांना माहीत आहे आणि टाकून द्या म्हणालेले नाहीत.

दगडफोड्या

ताई, काकांना सांगा, मुंडी सगळ्यात चवदार असते. फसले ते वाड्यावरचे.

वसईचा_पाव

+१. कानाचं मांस सोरपोतेलात घालून बघा. प्रमाण हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दोन किलोचं देतो, त्याहून कमी आमच्याकडे कोणी करत नाही.

तात्या_वाडीकर

झटका मशीनची बॅटरी काल गेली. कोणाला चांगल्या कंपनीची माहीत असेल तर सांगा, नाचणी पोटरीत आहे.